सर मुख्यालयी राहतात का?

उंब्रजला बाहेरच्या जिल्ह्यातला नवा शिक्षक आला की गावाला तो पहिल्यांदा महामार्गाच्या कडेला दिसतो. लांब पल्ल्याच्या गाडीला गावात शिरायचा कंटाळा असतो, तेव्हा कंडक्टर माणसाला सेवा रस्त्याच्या तोंडाशी उतरवतो आणि डबल बेल मारून मोकळा होतो. मग एक बॅग, एक वळकटी आणि प्लास्टिकच्या पिशवीत जपलेला नेमणुकीचा आदेश एवढा संसार घेऊन तो माणूस उभा राहतो आणि आता कुठं जायचं याचा अंदाज घेतो. आमच्या एका अंगाला कृष्णा, दुसऱ्या अंगाला तिला येऊन मिळणारी तारळी आणि तिसऱ्या अंगाला पुणे-बंगळूर महामार्ग. गाव बेट नाही, पण रस्ता ओलांडायची वेळ आली की माणसाला तसं वाटू लागतं.

तो रस्ता ओलांडेपर्यंत इकडे चहाच्या टपरीवर त्याची निम्मी चौकशी पुरी झालेली असते. खिशाला दोन पेनं, म्हणजे शिक्षक. चपला नव्या, म्हणजे पहिलीच नेमणूक. वळकटी आईनं बांधलेली दिसते, म्हणजे लग्न व्हायचं आहे. उरलेलं फक्त त्याच्या तोंडून वदवून घ्यायचं असतं.

"पाव्हणं, कुठलं म्हणायचं?"

"बीड."

"आस्सं! मग टोळी कुठं उतरलीय?"

आमच्या माडीवर भाड्याने राहणाऱ्या सरांचं उंब्रजमध्ये असं स्वागत झालं. विचारणाऱ्याच्या मनात खोट नव्हती. दिवाळीच्या आगेमागे ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरभरून बीडकडची माणसं इकडे येतात, कारखान्यांच्या गळिताबरोबर शिवाराशिवारांतून फिरतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत जातात. वर्षानुवर्षं आम्ही बीड हा जिल्हा एवढाच बघितला: कोयता, बैलगाडी, उसाच्या पाचटाची कोपी. त्यात हे सर आले ऐन गळिताच्या हंगामात. हातात कोयता नसलेला बीडकर समोर उभा राहिला की आमच्या डोळ्यांना सराव व्हायला वेळ लागतो.

"टोळी नाही. शाळेवर आलोय."

"साखरशाळेवर व्हय?"

"नाही. जिल्हा परिषदेच्या."

"आरं मग सर म्हना की! ए, खुर्ची आन रं!"

खुर्ची आली, पाठोपाठ चहा आला. चहाचे पैसे त्यांना देऊ दिले नाहीत. तेवढ्या वेळात जात, पोटजात, शेती किती, जिरायत की बागायत, भाऊ काय करतो, बहिणी दिल्या कुठं, असा सगळा सातबारा उताऱ्यासकट निघाला. शाळेत काय शिकवणार हे मात्र कुणी विचारलं नाही. ते सरकार बघून घेतं.

बीडचा माणूस उंब्रजला कसा येतो, हे आधी मलाही कळत नव्हतं. मला वाटायचं, शिक्षक म्हणजे कुणाच्या तरी ओळखीने लागतो आणि ओळखीच्याच गावात लागतो. आता तसं राहिलं नाही. २०१७ पासून अभियोग्यता चाचणी आहे, पवित्र नावाचं पोर्टल आहे. पोरगं परीक्षा देतं, पोर्टलवर पसंतीक्रम भरतं, आणि पोर्टलला जिथं जागा रिकामी दिसते तिथं ते जातं. पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून काढायची. प्राथमिकच्या शिक्षण सेवकाला महिन्याला सहा हजार मिळायचे, ते २०२३ पासून सोळा हजार झाले. सहा हजारांच्या काळात आमच्या माडीवर राहून गेलेला एक गडी भाडं देताना नोटा दोनदा मोजायचा. एकदा मला द्यायच्या म्हणून, आणि एकदा स्वतःजवळ किती उरल्या म्हणून.

जपानमध्येही हेच चालतं, असं वाचल्यावर मला बरं वाटलं. १९८७ पासून जपान सरकार परदेशातल्या पदवीधर पोरापोरींना इंग्रजी शिकवायला बोलावतं. त्यांनीही पसंतीक्रम भरायचा आणि गाव ठरवणार दुसरंच कुणीतरी. टोकियोची स्वप्नं बघणारी पोरगी बोटीतून उतरते ती एखाद्या बेटावर. समोर दोन दुकानं, एक शाळा आणि तिच्याकडे टक लावून बघणारी आख्खी वस्ती. या पोरांमध्ये आणि आमच्या सरांमध्ये मला एकच मोठा फरक सापडला. जपानी रिवाजात नव्याने राहायला आलेल्या माणसाने आपण होऊन शेजाऱ्यांकडे जायचं, समोरची तीन घरं आणि दोन बाजूंची दोन, असं धरून. जाताना लहानशी भेटवस्तू न्यायची, स्वतःचं नाव सांगायचं, कमरेत वाकायचं आणि परत यायचं. जुन्या काळी अशा वेळी सोबा नावाच्या शेवया वाटायचे म्हणे. उंब्रजला हे सगळं उलट्या दिशेने होतं. नव्या माणसाने जागचं हलायचं नाही. शेजारीच येतात. समोरच्या तीन घरांवर ते थांबत नाहीत, पार मागच्या आळीपर्यंतचे येतात, आणि वाकायचं सोडून खोलीभर नजर फिरवतात.

खोली म्हणजे तरी काय! एक खिडकी, एक मोरी, भिंतीतलं कपाट आणि एक लोखंडी खाट. ही खाट पूर्वी इथं राहून गेलेल्या एका सरांची. बदली झाल्यावर एवढं धूड टेम्पोत घालून न्यायचं कुठं, म्हणून त्यांनी ती पुढच्या सरांना विकली, त्यांनी त्याच्या पुढच्यांना. किंमत दर खेपेला थोडी उतरत गेली. जपानमधल्या बेटांवरही जाणारा मास्तर येणाऱ्या मास्तराला सायकल, भांडी, जुनी मोटार असं देऊन जातो म्हणतात. आमच्याकडे खाटेबरोबर एक प्लास्टिकची बादली आणि दूधवाल्याची जुनी उधारी येते.

पहिल्या आठवड्यात आईने सरांना ताट पाठवलं. भाकरी, आमटी, खर्डा. सर ज्वारीच्या भाकरीवर वाढलेले, त्यामुळे भाकरी लगेच ओळखीची झाली. आमटीपाशी मात्र ते थबकले. आमच्याकडे उन्हाळ्यात वर्षाची कांदा-लसूण चटणी करून ठेवतात आणि मग वर्षभर ज्यात त्यात तीच पडते. सरांच्या आईने बरोबर दिलं होतं येसर, त्यांच्याकडचा आमटीचा मसाला. डब्याला वरून फडकं बांधलेलं होतं. आईने तो डबा उघडला, हुंगला, चिमूटभर जिभेवर ठेवलं आणि काही न बोलता झाकण लावलं. दुसऱ्या दिवशी सरांनी येसराची आमटी करून आमच्याकडे वाटीभर पाठवली. रिकामी वाटी परत द्यायची नाही, एवढी रीत बीडलाही आहे. त्यावर आईने पिठल्याची वाटी धाडली. असं पाच-सहा महिने चाललं. शेवटी दोन्हीकडच्या वाट्या इतक्या मिसळल्या की आमच्या घरात बीडची किती आणि वर उंब्रजची किती, हे कुणालाच सांगता येईना. मधल्या काळात आईच्या चटणीत कुणी न सांगता तीळ आणि धने जरा वाढले होते. तिला विचारलं तर म्हणाली, "आमचं आधीपासून तसंच हाय."

जपानचा एक जुना सिनेमा आहे, १९५४ सालचा. नाव 'चोवीस डोळे'. त्सुबोई साकाए या लेखिकेच्या कादंबरीवरून केलेला, शोदोशिमा बेटावर चित्रित झालेला. १९२८ साली एक तरुण मास्तरीण पहिल्या नेमणुकीवर गावातल्या शाळेत येते, आणि येते ती सायकलवरून, अंगात परदेशी पद्धतीचे कपडे घालून. वर्गात बारा पोरं, म्हणून चोवीस डोळे. सिनेमा पुढे फार रडवतो, युद्ध येतं, ते सगळं मोठंच आहे. पण मी अडकलो तो त्या सायकलीपाशीच. रस्त्याने ती सायकल जाते आणि आयाबाया कामं सोडून बघत राहतात. मास्तरीण शिकवते कशी यावर कुणाचं मत नाही. सायकलवर मात्र प्रत्येकीचं.

सरांची सायकल म्हणजे त्यांचा मोबाईल. संध्याकाळी गावात रेंज असते, पण माडीवर येताना ती जिन्यातच थांबते. म्हणून सर घाटाकडे चालत जायचे आणि तिथं फिरत फिरत तासभर घरी बोलायचे. गावाने दोन दिवसांत निष्कर्ष काढला, पोरीचं प्रकरण आहे. तिसऱ्या दिवशी एकजण पाठोपाठ जाऊन ऐकून आला. म्हणाला, "म्हशीबद्दल बोलत्यात." यावर टपरीवर थोडी निराशा पसरली. एकाने धीर सोडला नाही. म्हणाला, "म्हस हे टोपणनाव आसंल."

बाहेरून आलेल्या गुरूंचं उंब्रजला नवल वाटू नये, खरं तर. आमच्या गावचा मारुती समर्थांनी स्थापलेल्या अकरा मारुतींपैकी एक, १६४९च्या सुमाराचा. समर्थ मूळचे जांबचे. जांब म्हणजे आजच्या जालना जिल्ह्यातलं. म्हणजे मराठवाड्यातून कृष्णाकाठी येऊन स्थिरावलेले शिक्षक आम्ही पावणेचारशे वर्षांपूर्वीच बघितलेले आहेत. त्यांनी चाफळला राममंदिर उभं केलं, मसूरला मारुती बसवला, शहापूरला बसवला, आमच्याकडे बसवला, आणि ते चाफळहून उंब्रजला कृष्णेच्या स्नानाला येत अशी आख्यायिका आहे. त्या काळी ग्रामसभेचा ठराव लागत नसावा. समर्थ मुख्यालयी राहत होते काय, असा प्रश्न निघाला असता तर अकरा गावांत भांडणं लागली असती.

दर शनिवारी आणि सुट्टीत पुण्याहून अकरा मारुती करणाऱ्या मंडळींच्या गाड्या येतात. दोन दिवसांत अकरा उरकायचे असतात, त्यामुळे काच खाली करून, इंजिन चालूच ठेवून विचारतात, "मारुती कुठे आहे हो?" पहिल्या वर्षी सर म्हणायचे, "मी इथला नाही." पुढच्या वर्षी हाताने दाखवायचे. आता गाडीवाल्याला सांगतात, "गाडी हितंच लावा, आत वळायला जागा न्हाई, आन दर्शनानंतर चाफळचा रस्ता कुणालाबी इचारू नका, मीच सांगतो." हे ऐकताना मला आमच्या मयत चुलत्याचा भास झाला.

शाळेतलं सांगायचं तर पोरांना सर दोन दिवसांत आवडले. पोरांचं असंच असतं, त्यांना चौकशीची गरज नसते. सर "काय करायलास रे?" म्हणायचे आणि वर्ग खिदळायचा. महिनाभरात निम्मी आळी घरी आयांना "काय करायलीस?" म्हणू लागली आणि सर वर्गात "गप बसा की लगा" म्हणायला लागले. असा व्यवहार रोखीने चुकता झाला.

बाकी शिकवण्याच्या वेळेत शिकवायचं आणि उरलेल्या वेळेत सरकारला माहिती पाठवायची. उरलेला वेळ जास्त. खिचडीच्या तांदळाचा हिशेब, आधार जुळलं नाही त्यांची यादी, झाडं लावली त्याचा फोटो, जगली त्याचा फोटो, 'दुपारी दोनपर्यंत न चुकता भरावी' असं एक वाजून पन्नास मिनिटांनी आलेली लिंक. जपानमध्ये दुर्गम भागातल्या शिक्षणासाठी १९५४ पासून स्वतंत्र कायदाच आहे आणि तिथल्या शिक्षकांना खास भत्ता मिळतो. आमच्याकडे अवघड क्षेत्र आणि सर्वसाधारण, म्हणजे सोपं, क्षेत्र अशी वर्गवारी आहे. उंब्रज महामार्गावर, म्हणून सोपं. हे ठरवणाऱ्या साहेबाने आमच्या गावात मतदार यादीचं काम केलेलं नसणार.

सरांना ते मिळालं. बीएलओ! आणि इथं गावाचा डाव गावावर उलटला. आजवर ज्याला आम्ही उभा-आडवा विचारत होतो, तोच माणूस हातात फॉर्म घेऊन दारात उभा राहिला आणि आम्हाला विचारू लागला. पूर्ण नाव सांगा. जन्मतारीख सांगा. घरात किती माणसं? वेगळी चूल कधीपासून? मुंबईला असतात म्हणता, मग नाव दोन्हीकडे कसं? कुणाच्या तरी घरात मेलेला आजा यादीत जिवंत निघाला, कुणाचा जिवंत चुलता मयत निघाला. मयत चुलता स्वतः सरांना भेटायला आला आणि रागाने दोन कप चहा पिऊन गेला. आयाबायांच्या वयांचं तर विचारू नका. कागदावर सासू आणि सून यांच्यात नऊ वर्षांचं अंतर निघालं तेव्हा सरांनी जाग्यावर नोंद न करता, "उद्या येतो, आजी, तवर दोघी मिळून ठरवा," असं म्हटलं. त्या दिवशी गावात त्यांची पत वाढली. गावाचं आता सरांना सगळं ठाऊक झालं होतं, आणि ते कुठं बोलत नव्हते. टपरीवर त्यांच्याबद्दल बोलताना आवाज खाली गेला.

पौषात पालीच्या खंडोबाची यात्रा भरते. पाल आमच्यापासून जवळ, तारळीच्या काठाला. तिथं खंडोबा आणि म्हाळसाचं लग्न लागतं, भंडाऱ्याने नदीचा काठ पिवळा होतो. गावातली मंडळी सरांना मुद्दाम घेऊन गेली. बाहेरच्या माणसाला आपलं वैभव दाखवायची हौस असतेच. वाटेत एकजण सगळं समजावून सांगत होता: मिरवणूक कुठून येते, वऱ्हाडी कोण, गर्दीत कुठं उभं राहिलं म्हणजे दिसतं. सर मान हलवत होते. यात्रेत शिरल्यावर मात्र ते पुढे झाले आणि भलत्याच वाटेने आम्हाला थेट नदीकाठच्या मोकळ्या जागेवर घेऊन गेले. तिथून सगळं स्वच्छ दिसत होतं.

"सर, तुमाला ही वाट कशी ठावं?"

"लहानपणी आलोय की. आई-वडिलांची टोळी इकडेच असायची. यात्रेच्या दिवशी मुकादम अर्धा दिवस सुट्टी द्यायचा."

पुढे त्यांनी सहज सांगितलं. कारखान्याच्या अंगाला कोपी असायची, दिवाळीनंतर शाळा सुटायची ती सुटायचीच, बाप तोडायचा, आई मोळ्या बांधायची, हे लहान भावाला सांभाळायचे. पुढे चुलत्याने गावाकडे ठेवून घेतलं म्हणून शिकले. गावात आल्या आल्या चहाच्या टपरीवर खुर्चीत बसून जो माणूस सगळा सातबारा सांगून मोकळा झाला होता, त्याने हे मात्र सांगितलं नव्हतं. आम्ही विचारलं नव्हतं, असं म्हणायला जागा नाही. आम्ही पहिल्याच दमात विचारलं होतं, "टोळी कुठं उतरलीय?" त्यांनी फक्त उत्तर दिलं नव्हतं.

टपरीवर तो प्रश्न विचारणाऱ्याच्या चेहऱ्याकडे मी बघितलं. तो भंडारा उधळण्यात फार गुंतल्यासारखा दिसत होता. येताना गाडीत सगळे उसाच्या भावावर बोलले, अगदी ज्यांच्याकडे ऊस नाही तेसुद्धा.

त्यानंतर सरांचं लग्न जमवायचं गावाने मनावर घेतलं. का, ते सांगता येत नाही. बहुधा कशाची तरी भरपाई करायची असावी. पण त्यातही आमचा व्यवहार सुटला नाही. कुणीतरी माहिती काढली की आंतरजिल्हा बदलीत पती-पत्नी एकत्रीकरण नावाची सोय असते. बायको बीडला नोकरीला असली तर सर तिकडे जाणार. तेव्हा बायको इकडचीच हवी, आणि नोकरी असलेली तर फारच उत्तम. अशा हिशेबाने स्थळं येऊ लागली. कराडची नर्स, मसूरची अंगणवाडी सेविका, पाटणकडची तलाठी. आईने तलाठी नापास केली. म्हणाली, "तिची सारकी बदली हुईल, मग हे पोरगं तिच्यामागं फिरंल." सरांनी सगळ्यांना एकच उत्तर दिलं, "घरी विचारतो." आणि संध्याकाळी घाटाकडे फिरायला गेले. पाठोपाठ ऐकायला गेलेला माणूस परत येऊन म्हणाला, "आजबी म्हशीबद्दलच."

मग आली घरभाड्याची भानगड. शिक्षकाने मुख्यालयी राहिलं पाहिजे, राहतो असा ग्रामसभेचा ठराव हवा, तर घरभाडे भत्ता. साहेबांना सर कुठं राहतात हे ठाऊक नाही, हे आम्ही समजू शकतो. पण आमच्या डोळ्यांदेखत राहणारा माणूस राहतो की नाही, यावर आम्हीच ठराव करायचा, ही कल्पना लोकांना भारी आवडली. उंब्रजच्या ग्रामसभेत गटार, पाणी, दिवे हे विषय असतातच. त्या दिवशी ते सगळे लवकर उरकले.

"सर रातच्याला हितंच असत्यात का?" एकाने सुरुवात केली.

"आसत्यात. दिवा बारापर्यंत जळतो. वह्या तपासत्यात."

"आयतवारी कुठं असत्यात?"

"आयतवारी पाटलांच्या पोरांना गणित शिकवत्यात."

"फुकट?"

इथं थोडा गोंधळ झाला. पाटलांच्या पोरांना फुकट, मग आमच्या पोरांचं काय, असा उपप्रश्न निघाला आणि सभेला त्यातून बाहेर काढायला ग्रामसेवकाला बराच आवाज चढवावा लागला. मग एका म्हाताऱ्याने कायद्याचा मुद्दा काढला. सर दिवाळीत आणि मे महिन्यात बीडला जातात, तेव्हा वर्षभर मुख्यालयी राहतात असं लिहिणं खोटं ठरेल. त्यावर दुसरा म्हणाला, मग तुमचा पोरगा पुण्याला बारा महिने असतो आणि मतदार यादीत उंब्रजला आहे, तो कुठल्या मुख्यालयी राहतो? सगळ्यांनी सरांकडे बघितलं. सरांनी यादीतलं काही न बोलता छताकडे बघितलं. म्हातारा खाली बसला.

शेवटी ठराव झाला. सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर. ग्रामसेवक लिहून घेत होता, 'सदर शिक्षक मौजे उंब्रज येथे मुख्यालयी वास्तव्यास असून...' तेवढ्यात मागून आई उठली. आजवर ग्रामसभेत ती कधी बोलली नव्हती. म्हणाली, "त्यात घाला, गेल्या साली मी दिलेलं पितळीचं ताट आजून वरच हाय."

ग्रामसेवकाने पेन थांबवून सरपंचांकडे बघितलं. सरपंचांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "घाला. राहत्यात याचा पुरावा हाय त्यो."